टस्कनीच्या माटिल्दाबाई, चार रविवार, १६०० रुपये

आधी पैशांचं सांगते, कारण पुण्यात तेच आधी विचारतात. इतिहासाच्या व्याख्यानांचे चार रविवार, दर वेळी दोन तास, १६०० रुपये. ज्येष्ठ नागरिकांना काही सवलत आहे का, असं मी फोनवर विचारलं. "काकू, चहा-बिस्किटं त्यातच आहेत," असं उत्तर आलं. १८७५ पासून ज्या गावात वसंत व्याख्यानमाला चालत आलीय, त्या गावात इतिहास ऐकायचे सोळाशे रुपये द्यायचे म्हटलं की हात पर्सच्या चेनपाशीच अडतो. तरी भरले.

भरले ते पत्रकावरच्या एका ओळीमुळे. 'टस्कनीची माटिल्दा, १०४६ ते १११५: वारशानं आलेली जमीन, तिचा कारभार, आणि ती पुढे कुणाकडे गेली.' टस्कनी म्हणजे इटलीचा एक प्रांत. नोंदणी खात्यात ३१ वर्षं मी दस्त हाताळले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, सगळं टेबलावरून गेलेलं. बाई आणि जमीन हे दोन शब्द एका ओळीत दिसले की अजूनही माझी मान तिकडे वळते. त्यात 'पुढे कुणाकडे गेली' हे लिहिलेलं. राण्या घोड्यावर बसल्या की लोकांना त्या आवडतात. घोड्यावरून उतरल्यावर जमिनीचं काय केलं हे सहसा कुणी सांगत नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही. दोन मुलगे आणि एक मुलगी मिळून चालवतात, तिघंही तिशीच्या आतले, आणि मला त्यांच्याबद्दल तक्रारीही करायच्या आहेत. जागा सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावरची, भाड्याची. मी कोथरूडहून बसनं जायची आणि टिळक रस्त्यावर उतरून चालायची. दुचाकीवाल्यांचे पहिले दोन रविवार गाडी लावायला जागा शोधण्यातच गेले, असं शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मला चारही रविवारी सांगितलं.

तक्रारी उरकून घेते. माइक खरखरतो, आणि नेमका रंगात आल्यावर बंद पडतो. खुर्च्या प्लास्टिकच्या, बिनहाताच्या. दोन तासांनी कंबर बोलायला लागते. पडद्यावरच्या चित्रांखालचा मजकूर सगळा इंग्रजीत आणि मुंगीएवढा. नकाशावरच्या गावांची नावं पहिल्या ओळीतल्यांनी वाचून मागे सांगायची. पहिल्या रविवारी चहा गार होता. मी बोलले, दुसऱ्या रविवारी थर्मास बदललेला दिसला. हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. सांगितलेलं ऐकणारी माणसं फार नसतात.

आता वर्गाबद्दल. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील. हातात कागद नाही, पाणी प्यायला थांबणं नाही. आवाज चांगला, म्हणून माइक बंद पडला तरी बिघडलं नाही. एकच सवय खटकली, 'फीफ' आणि 'अलोड' हे दोन शब्द त्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत तसेच फेकले आणि पुढे गेल्या. फीफ म्हणजे राजानं चाकरीच्या बदल्यात दिलेली जमीन, अलोड म्हणजे स्वतःच्या मालकीची, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण सभागृहातले निम्मे चेहरे कोरेच राहिले. मला राहवलं नाही. हात वर करून म्हटलं, "बाई, एक सरंजाम आणि दुसरी मिरास, असंच ना?" त्या क्षणभर थांबल्या, हसल्या, आणि मग चारही रविवार तेच शब्द वापरले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सातबाऱ्यावरचा वर्ग दोन आणि वर्ग एक." त्याहून सोपं कुणी सांगू शकलं नसतं. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, वर्ग एकची होते. अकराव्या शतकातल्या इटलीला ही फूटपट्टी तंतोतंत लागत नाही हे मला कळतं, पण पुढचं सगळं भांडण याच एका गाठीचं आहे, म्हणून ती पहिल्याच दिवशी हाताला लागली हे बरं झालं.

पहिला रविवार घराण्याचा. वडील बोनिफाचे, कनोसाच्या घराण्यातले, टस्कनीचे मार्ग्रेव्ह. मार्ग्रेव्ह म्हणजे सरहद्दीचा सुभेदार समजा. जमीन पो नदीच्या खोऱ्यापासून, म्हणजे मांतुआ, रेज्जो, मोदेना, तिथपासून आपेनाइन डोंगर ओलांडून खाली लुक्का-फ्लॉरेन्सपर्यंत. जर्मनीतून रोमला जायचं तर यांच्या दारावरून. १०५२ मध्ये बोनिफाचे शिकारीला गेले असताना मारले गेले. माटिल्दा सहा वर्षांची. थोरला भाऊ आणि बहीण पुढच्या तीन-चार वर्षांत गेले. अशी ती एकटी वारस उरली. म्हणजे 'मुलीलाही हक्क' वगैरे काही नाही, मुलगा उरला नाही म्हणून मुलगी. हे बाईंनी स्वच्छ सांगितलं, फुलं उधळली नाहीत, ते मला आवडलं.

आई बेआत्रिस. तिनं दुसरं लग्न केलं ते लोरेनच्या गॉडफ्रीशी, बादशहा हेन्री तिसरा याला न विचारता, आणि हा गॉडफ्री त्याचा जुना वैरी. बादशहानं १०५५ मध्ये मायलेकींना धरून जर्मनीला नेलं. नऊ वर्षांची पोर. वर्षभरात बादशहा मेला आणि त्या परत आल्या. मोठ्या वारसदारीणबाईचं लग्न म्हणजे जमिनीचं हस्तांतर, म्हणून वरच्याची संमती हवी. आमच्याकडे दस्ताला 'सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी जोडावी' म्हणतात, तीच तऱ्हा. फरक इतकाच की आम्ही दस्त परत करायचो, माणसं उचलून नेत नव्हतो.

नावांचा मात्र घोळ झाला. आईचं नाव बेआत्रिस, बहिणीचं बेआत्रिस, आणि माटिल्दाला झालेली मुलगीही बेआत्रिस. ती १०७१ मध्ये जन्मली आणि लगेच गेली. सावत्र बाप गॉडफ्री, आणि त्याचा मुलगा, जो माटिल्दाचा नवरा झाला, तोही गॉडफ्री. त्याला पाठीला कुबड असल्यानं कुबडा गॉडफ्री म्हणतात. शिवाय हेन्री तीन: तिसरा, चौथा, पाचवा, बाप, मुलगा, नातू. शेजारचे गृहस्थ दर वीस मिनिटांनी माझ्याकडे वाकून विचारायचे, "हा मगाचाच हेन्री का?" संयोजकांनी एक वंशवेल छापून हातात दिली असती तर दोन रुपयांचं काम होतं. शेवटी मीच वहीच्या पानावर काढून दिली.

दुसरा रविवार कनोसाचा, आणि तो तसा ऐकणं हेच पैसे वसूल. एप्रिलची दुपार, पंखे गरम हवा फिरवतायत, आणि बाई १०७७ च्या जानेवारीतलं बर्फ सांगतायत. पोप ग्रेगरी सातवा यानं राजा हेन्री चौथा याला धर्माबाहेर काढलेलं. बिशप कुणी नेमायचे, राजानं की पोपनं, हे मूळ भांडण. पोप माटिल्दाच्या कनोसाच्या किल्ल्यात उतरलेला. राजा आल्प्स ओलांडून आला आणि तीन दिवस किल्ल्याच्या दारात अनवाणी, लोकरीच्या जाड्याभरड्या कपड्यात उभा राहिला. आपण शाळेत हे शिकलो असलो तरी राजा आणि पोप एवढेच शिकलो. किल्ला कुणाचा हे शिकवलंच नव्हतं. डोनिझो नावाच्या कनोसाच्या मठवासी साधूनं तिचं पद्यचरित्र लिहिलं, त्यातलं एक चित्र बाईंनी दाखवलं: राजा गुडघ्यावर, एका बाजूला क्लुनीचा मठाधिपती ह्यू, आणि दुसऱ्या बाजूला कमानीखाली माटिल्दा बसलेली. राजा तिला विनवतोय. या चित्राजवळ माइक बंद पडला. कुणीही हललं नाही. बाई दोन पावलं पुढे आल्या आणि तशाच बोलत राहिल्या.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट सांगितली. वर्षभर आधी, १०७६ मध्ये, फेब्रुवारीत तिच्या कुबड्या नवऱ्याचा खून झाला आणि एप्रिलात आई गेली. म्हणजे दारात राजा उभा होता तेव्हा ही तीस वर्षांची, बिनमुलांची, विधवा, आणि नुकती एकटी मालक झालेली. आईला पिसात पुरलं ते एका जुन्या रोमन दगडी शवपेटीत. फेड्राची गोष्ट कोरलेली ती पेटी आजही तिथे आहे. कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर अज्ञानपालनकर्ती गेली आणि वारस सज्ञान.

मध्यंतरात एका ताईंनी "म्हणजे आपल्या जिजाऊच" असं म्हटलं. बाईंनी अगदी सौम्यपणे सांगितलं की पुण्याची जहागीर शहाजीराजांची, जिजाऊंनी ती सांभाळली, वसवली, मुलाच्या हाती उभी केली. माटिल्दाकडे आली ती बापाची, आणि तिला पुढे द्यायला मूलच नव्हतं. जागा वेगळ्या, काळ वेगळा. ताईंना पटलं नसावं. पण मला हा फरक महत्त्वाचा वाटला. सांभाळणाऱ्या बायकांचं आपण तोंडभर कौतुक करतो. देणाऱ्या बायका आपल्याला जरा अडचणीच्या वाटतात.

तिसरा रविवार लढायांचा, तो मी पटकन सांगते. हेन्री उलटला, १०८१ मध्ये त्यानं तिच्या जमिनी जप्त झाल्याचं जाहीर केलं. सरंजाम कागदावर गेला. मिरास आणि किल्ले तिच्या हातात राहिले. पोपच्या लढाईसाठी कनोसाच्या चर्चमधली भांडी वितळवून ७०० पौंड चांदी आणि ९ पौंड सोनं तिनं रोमला पाठवलं. १०८४ मध्ये सोर्बाराला तिच्या लोकांनी जिंकलं. १०९१ मध्ये मांतुआ गेलं, ते थेट १११४ मध्ये परत आलं. १०९२ मध्ये हेन्री कनोसावर चालून आला आणि हात हलवत गेला. बोलोन्यात इर्नेरियस नावाच्या पंडितानं रोमन कायद्याची पुस्तकं पुन्हा अभ्यासात आणली, ती माटिल्दाच्या विनंतीवरून, असं नंतरच्या एका इतिवृत्तात म्हटलंय. हे बाईंनी एका वाक्यात संपवलं. मी तिथे अर्धा तास काढला असता, पण सगळे श्रोते नोंदणी खात्यातले नसतात.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं दुसरं लग्न केलं, बव्हेरियाच्या ड्यूकच्या मुलाशी, वेल्फशी. तो सतराच्या आसपासचा. सभागृहात व्हायची ती खसखस झाली. बाई म्हणाल्या, "हसून झालं असेल तर कारण सांगते. जर्मनीत हेन्रीच्या पिछाडीला एक शत्रू बसवायचा होता." सहा वर्षांत ते लग्न मोडलं. त्या काळच्या इतिवृत्तावरून दिसतं ते असं की, बाईची जमीन आधीच पोपला देऊन झालीय हे सासऱ्या-नवऱ्याला कळलं आणि घर फिसकटलं. सासरे मग ज्याच्या विरोधात लग्न जुळवलं त्याच हेन्रीकडे मदत मागायला गेले. जमिनीचा शोध न घेता सोयरीक करणारे अकराव्या शतकातही होते, एवढंच म्हणते.

आणि मग चौथा रविवार, ज्यासाठी मी सोळाशे भरले होते.

१७ नोव्हेंबर ११०२, कनोसा. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल बर्नार्द समोर. माटिल्दा सांगते की ग्रेगरी सातव्याच्या काळात मी माझी सगळी मालकीची जमीन रोमच्या चर्चला दिली होती, पण तो लेख हरवला, म्हणून पुन्हा देते. बाईंनी त्या दस्ताच्या मजकुराचं मराठी करून आणलं होतं, आणि इथे मी त्यांना मनापासून नमस्कार करते, कारण असला मजकूर मराठीत आणणं सोपं नाही. ती कोणत्या कायद्यानं चालते हे आधी सांगते: सॅलिक, म्हणजे फ्रँक लोकांच्या जुन्या कायद्यानं. मग देण्याची रीत. सुरी, गाठ मारलेली काडी, हातमोजा, मातीचं ढेकूळ आणि झाडाची फांदी. या वस्तू हातात द्यायच्या आणि जमीन दिली. अंगावर काटा आला. आपल्याकडच्या ताम्रपटांत हातावर उदक सोडून भूमिदान करतात. 'पाणी सोडणं' हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो, कशाला वापरतो ते विसरून. तिकडे ढेकूळ आणि फांदी. कागदाचा कुणालाच पूर्ण भरवसा नाही, हाताला काहीतरी लागायला हवं.

पण मजकुरात पुढे होतं: 'जे माझं तेव्हा होतं ते, आणि जे पुढे मला मिळेल तेही, वारशानं किंवा आणखी कुठल्या हक्कानं.' मी खुर्चीत ताठ झाले. आमच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १२४ आहे. आत्ताची आणि भविष्यातली अशा दोन्ही मालमत्तेचं एकाच दस्तानं बक्षीस दिलं, तर भविष्यातल्यापुरतं ते रद्दबातल. टेबलावर असा दस्त आला असता तर मी वकिलाला हळूच म्हटलं असतं, "साहेब, ही ओळ टिकणार नाही." त्या काळात टिकली. किंवा टिकली असं म्हणणाऱ्यांकडे सैन्य होतं.

यातली गंमत पुढे आहे. हे दान दिल्यावरही ती तेरा वर्षं स्वतःच्या मर्जीनं मठांना, चर्चना जमिनी देत राहिली. म्हणजे तहहयात वहिवाट तिचीच. १०९९ मध्ये ग्विदो ग्वेर्रा नावाच्या काउंटला तिनं दत्तक घेतल्याचं कागदांत दिसतं, पण वारसा त्याच्याकडे गेला नाही. आणि ११११ च्या मे महिन्यात हेन्री पाचवा रोमहून बादशहा होऊन परतताना बियानेल्लो इथे तिच्याकडे थांबला. ज्याच्या बापाला तिनं दारात उभं केलं आणि नंतर पंचवीस वर्षं झुंजवलं, त्याचा हा मुलगा. त्या भेटीत तिनं त्याला वारस केलं असं मानतात. नेमकं काय कबूल केलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ११०२ च्या दस्ताच्या अस्सलपणावरही वाद झाले आहेत. म्हणजे एकाच मिळकतीवर एक बक्षीसपत्र, ज्याची पहिली प्रत गहाळ, आणि त्यावर एक तोंडी करार. २४ जुलै १११५ रोजी ती गेली. पुढच्याच वर्षी हेन्री पाचवा येऊन जमिनी ताब्यात घेऊन बसला.

आता वाद सुरू. वर्ग एक कुठली आणि वर्ग दोन कुठली? सरंजाम तर बादशहाचा, तो तिच्या मागे परत जाणार. मिरास पोपला. पण तिच्या वडिलांच्या काळापासून दोन्ही एकमेकांत अशा कालवलेल्या की हद्दीचा दगड कुठे लावायचा? ११३३ मध्ये पोपनं बादशहा लोथारला त्या मिरासजमिनी वर्षाला शंभर पौंड चांदीच्या खंडानं दिल्या, म्हणजे मालकी माझी, कसणार तू. १२१३ मध्ये फ्रेडरिक दुसऱ्यानं एगरच्या सनदेत पोपचा हक्क मान्य केला. मरणानंतर ९८ वर्षं!

हे सगळं बाईंनी किती वेळात सांगितलं? पंचवीस मिनिटांत. त्यातही ११३३ आणि १२१३ मिळून चार वाक्यं. माझ्या वहीत ती तशीच आहेत. मग पडद्यावर रोमची चित्रं आली. पाचशे वर्षांनी एका पोपनं तिची हाडं पोच्या काठच्या सान बेनेदेत्तो मठातून आणवली, सेंट पीटरमध्ये बर्निनीकडून थडगं करून घेतलं. चित्रं सुंदर आहेत. पण ज्याला वारसा म्हणतात तो पोटातला भाग, तिथे चमचाही लागला नाही. मग प्रश्नोत्तरं, आणि त्यात तळेगावहून आलेल्या एका काकांनी उमाबाई दाभाड्यांवर नऊ मिनिटं भाषण केलं. १७३१ ची डभईची लढाई, त्रिंबकराव पडले, सेनापतिपद लहानग्या यशवंतरावांकडे आणि कारभार उमाबाईंकडे. बोलणं चुकीचं काहीच नव्हतं. पण प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं. संयोजकांपैकी कुणीतरी "काका, थोडक्यात" म्हणायला हवं होतं. तीन पोरं भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत उभी.

माझा नंबर शेवटी आला. मी विचारलं, "बाई, हे दान तिनं मागितल्यावर दिलं की आपणहून?" त्या म्हणाल्या, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांचं मत असं की ग्रेगरीवर तिची श्रद्धा खरी होती, आणि सोबत हिशोबही होता. बिनवारस मेली असती तर बादशहानं सगळंच सरंजाम ठरवून उचललं असतं. चर्चला देऊन ठेवलं तर निदान एक दावेदार त्याच्या तोडीचा उभा राहतो. "आणि ११११?" मी म्हटलं. "तेव्हा ती पासष्टची होती," त्या म्हणाल्या, "आणि बादशहा घरी आला होता." वेळ संपली होती. सतरंजी गुंडाळायला सुरुवात झाली.

मी हे का विचारलं ते सांगते. माझ्या टेबलासमोर हक्कसोडपत्राला आलेल्या बहिणी मी ३१ वर्षं पाहिल्या. बहुतेक जणींच्या अंगावर नवी साडी असायची, घडीच्या रेघा न मोडलेली. सकाळीच वहिनीनं ओटी भरलेली. साहेब विचारायचे, "मजकूर वाचलात? राजीखुशीनं करताय?" उत्तर भाऊ द्यायचा. "हो हो, सगळं समजावलंय." पेनचं टोपण काढून पेन हातात कोण देतंय, तिकडे मी बघायची. १९९४ मध्ये आपल्या राज्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीनं हक्क दिला, २००५ मध्ये सगळ्या देशात दिला. त्यानंतर माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रं कमी झाली नाहीत, वाढली. हक्कच नव्हता तेव्हा सोडायला काय होतं? सगळ्याच रडतखडत आलेल्या नसायच्या. काही जणी खरोखर हसत सही करायच्या, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून, किंवा भाऊ गरीब म्हणून. एक बाई आठवतात, त्यांनी सही केली आणि भावाला म्हणाल्या, "आता मला आंब्याची पेटी पाठवायची, दरवर्षी. हे मात्र कागदावर नाही, लक्षात ठेव."

माझा स्वतःचाही एक मसुदा आहे. सासवडच्या पुढे वडिलांची साडेतीन एकर, अंजीर आणि सीताफळं. विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून दादाचा फोन आठवड्याला येतो; आधी दिवाळीला यायचा. मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलाय, शेवटच्या पानावर माझं नाव टाइप केलेलं, नावापुढे सहीची रेघ. मी अजून 'वाचलं' एवढंच लिहिलंय.

म्हणून माटिल्दाची सही मला फार आवडली. ती सांगायची राहिली. तिच्या पुष्कळ कागदांवर एक क्रूस काढलेला, आणि त्याच्या चार घरांत मिळून लिहिलेलं: 'माटिल्दा, देवाच्या कृपेनं, जर ती कुणी असेल तर.' तिसऱ्या रविवारी बाईंनी तो क्रूस पडद्यावर मोठा करून दाखवला. कुणाला ती नम्रता वाटली. मला तर तो टोला वाटला. बादशहानं सगळी पदं काढून घेतल्यावर बाई सही करते, मी कुणी असेन तर. आणि खाली दस्त चालू, जमीन दिली, हद्दी या या.

साडेतीन तारे देते. पाचांपैकी. अर्धा तारा थर्मासाचा. दुसरा रविवार आणि ११०२ च्या दस्ताचं मराठी यासाठी मी कुणालाही जा म्हणेन. जाताना पाठीला उशी न्या, डावीकडच्या पंख्याखाली बसा, उजवीकडचा नुसता आवाज करतो. वंशवेल घरून काढून न्या. आणि चौथ्या रविवारी प्रश्न आधीच चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर तळेगाव पुढे असतं.

शेवटी अभिप्रायाचा कागद देतात. त्यात 'सूचना' याच्यापुढे अर्धी ओळ. मी कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं की पाचवा रविवार ठेवा, १११५ ते १२१३. नुसतं मिळकतीचं काय झालं ते. खाली सही, नाव, मोबाइल.

परवा त्यांच्यातल्या मुलीचा फोन आला. पाचवा रविवार ठेवतोय म्हणाली, जूनमध्ये. बाई तयार आहेत. "आणि काकू, तुम्ही वीस मिनिटं बक्षीसपत्रावर बोलाल का? कलमं वगैरे, साध्या भाषेत." मी मानधन विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली की फी माफ करता येईल. मी म्हटलं, विचार करून सांगते, आधी माइक दुरुस्त करा.